पेक्षा, पैकी आणि जसजसे

तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी सामायिक विजेच्या बिलांचा एक स्तंभालेख पडद्यावर दाखवला आणि पुढची वीस मिनिटे माझी बाजू सावरण्यात गेली. आमची सोसायटी कोथरूडमधील, ४८ सदनिकांची, आणि मी तिची खजिनदार. जिना, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि आवारातील दिवे यांचे मिळून त्या वर्षातील सर्वांत कमी बिल ३१,८०० रुपयांचे होते आणि सर्वांत जास्त ३४,६०० रुपयांचे. म्हणजे फरक जेमतेम २,८०० रुपयांचा. पडद्यावर मात्र एक स्तंभ गुडघ्याएवढा आणि दुसरा छातीपर्यंत आलेला दिसत होता. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर काका उभे राहिले आणि म्हणाले, “अहो खजिनदारबाई, वीज अडीचपट झाली, आणि हे आम्हाला आत्ता कळतंय?” मी बिलांचे आकडे एकेक करून वाचून दाखवले, पण तोवर सभेने चित्र पाहून आपले मत बनवले होते आणि आकड्यांकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

रात्री घरी येऊन संगणकावर एक्सेलची शीट उघडली तेव्हा उलगडा झाला. उभा अक्ष शून्यापासून नव्हे, तर ३०,००० पासून सुरू झाला होता. त्यामुळे सर्वांत लहान स्तंभाची दिसणारी उंची १,८०० ची आणि सर्वांत मोठ्याची ४,६०० ची होती, आणि ४,६०० म्हणजे १,८०० च्या अडीचपटीच्या आसपास. काकांची नजर आयुष्यभर मोजमापे घेऊन तयार झालेली होती. तिने पडद्यावर जे होते तेच अचूक मोजले. चूक माझी होती, कारण अक्ष कोठून सुरू होतो हे मी पाहिलेच नव्हते.

एक्सेलमध्ये हे कसे ठरते ते नंतर शोधून काढले. सर्व आकडे धन असतील, तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातील फरक हा मोठ्या आकड्याच्या एक षष्ठांशाहून, म्हणजे सुमारे १६.६७ टक्क्यांहून जास्त असल्यास अक्ष शून्यापासून सुरू होतो. फरक त्याहून कमी असल्यास एक्सेल अक्षाचा खालचा भाग कापून टाकते आणि उरलेला भाग ताणून दाखवते. आमच्या बिलांतील फरक ८ टक्क्यांचा होता, म्हणून अक्ष कापला गेला. म्हणजे आकडे जितके जवळजवळचे, तितका हा धोका मोठा. अक्षावर उजवी टिचकी देऊन ‘फॉरमॅट ॲक्सिस’मध्ये ‘मिनिमम’च्या चौकटीत ० लिहिले की हा दोष जातो. स्तंभालेखाच्या बाबतीत ही गोष्ट ऐच्छिक नाही, कारण स्तंभाची लांबी हाच तेथे आकडा असतो आणि लांबीचा तळच कापला तर आकडाच बदलतो. रेषालेखात तसे नसते. तेथे वाचक रेषेचा चढउतार पाहतो, लांबी मोजत नाही, म्हणून रेषालेखाचा अक्ष ३०,००० पासून सुरू झाला तरी चालतो, फक्त ते अक्षावर ठळक दिसले पाहिजे.

मी तो शून्य लिहिला आणि आलेख पुन्हा पाहिला. १२ महिन्यांचे १२ स्तंभ जवळजवळ एकाच उंचीचे, एखाद्या कुंपणासारखे उभे होते. त्यातून काहीच कळत नव्हते. तेव्हा लक्षात आले की अक्षाची चूक ही दुसरी चूक होती. पहिली चूक अशी की त्या आलेखातून मला काय सांगायचे आहे हे मी ठरवलेच नव्हते. आकडे निवडले, ‘इन्सर्ट’मध्ये गेले, पहिला दिसला तो आलेख घेतला.

याला सवयही कारणीभूत आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या बँकेच्या कार्यालयात लोटस १-२-३ हा प्रोग्रॅम होता. तिरकी रेघ दाबली की वर मेनू येत असे आणि त्यातील ‘ग्राफ’मध्ये रेषा, स्तंभ, एकावर एक रचलेले स्तंभ, वृत्त आणि एक्स-वाय असे पाचच प्रकार मिळत असत. काढलेला आलेख कागदावर हवा असेल तर शीट बंद करून छपाईचा वेगळा प्रोग्रॅम सुरू करावा लागत असे आणि मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बराच वेळ किरकिरत बसत असे. इतका खटाटोप करायचा असल्यामुळे हा आलेख खरोखरच हवा आहे का, याचा विचार आपोआप होई. आता दोन कळांत आलेख तयार होतो: आकडे निवडून ऑल्ट आणि एफ१ दाबले की शीटवरच, नुसते एफ११ दाबले की स्वतंत्र पानावर. २०१३ च्या आवृत्तीपासून तर ‘रेकमेंडेड चार्ट्स’ म्हणून सल्लाही मिळतो. हा सल्ला अगदीच टाकाऊ नसतो; कॉलममध्ये तारखा आहेत की नावे आहेत, आकडे किती आहेत हे पाहून तो दिलेला असतो. मात्र सभेत कोणता प्रश्न विचारला जाणार आहे हे त्या प्रोग्रॅमला माहीत असण्याचे कारण नाही.

त्या रात्रीपासून मी एक शिस्त लावून घेतली. आलेख काढण्यापूर्वी शीटच्या सर्वांत वरच्या सेलमध्ये मी एक पूर्ण मराठी वाक्य लिहिते. ‘विजेचा खर्च’ हे वाक्य नव्हे, ते नुसते शीर्षक झाले. ‘एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत विजेचे बिल हळूहळू वाढत गेले’ हे वाक्य झाले. अशी दहा-बारा वाक्ये लिहून झाल्यावर एक मौज लक्षात आली. कोणता आलेख काढायचा हे त्या वाक्यांतील नामे सांगत नव्हती, तर शाळेत आपण ज्यांना अव्यये म्हणून कंटाळत पाठ केले ते लहानसे शब्द सांगत होते. वाक्यात ‘पेक्षा’ आले तर स्तंभ. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ आले तर रेषा. ‘पैकी’ आले तर पूर्णाचे भाग दाखवणारा आलेख, म्हणजे वृत्त किंवा विभाजित स्तंभ. आणि ‘जसजसे-तसतसे’ आले तर ठिपके. व्याकरणाच्या आणि गणिताच्या बाईंची ही अशी गाठ पडेल असे शाळेत कधी वाटले नव्हते.

‘पेक्षा’चे काम सर्वांत सोपे. सुरक्षारक्षकांचे वेतन साफसफाईपेक्षा जास्त, लिफ्टची देखभाल टँकरपेक्षा कमी, अशी तुलना स्तंभांइतकी चांगली दुसरा कोणताही आलेख दाखवत नाही. फक्त खर्चाची नावे लांबलचक असतील, आणि मराठीत ती असतातच, तर उभ्या स्तंभांखाली ती तिरकी होऊन वाचणाऱ्याची मान वाकडी करतात. म्हणून आडवे स्तंभ घ्यावेत. आधी शीटमध्ये आकडे उतरत्या क्रमाने लावून घ्यावेत, कारण बाराखडीच्या किंवा खातेवहीच्या क्रमाने लावलेल्या स्तंभांत तुलनेचे सगळे काम वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर पडते. येथे एक्सेलची एक खोड सांगून ठेवते: आडव्या स्तंभांत शीटमधील पहिली ओळ सर्वांत खाली जाते. अक्षाच्या फॉरमॅटमध्ये ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’पुढे खूण केली की ती वर येते. मी हे समजण्यापूर्वी दोन वर्षे शीटच उलटी लावत होते.

हा स्तंभालेख जन्माला आला तो मात्र नाइलाजाने. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. आयात-निर्यातीसाठी त्याने बहुतेक ठिकाणी काळाच्या ओघात चढणाऱ्या-उतरणाऱ्या रेषा काढल्या. पण स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने प्रत्येक देशासाठी पट्ट्या काढल्या, आणि हा आलेख बाकीच्यांच्या तुलनेत कमी उपयोगाचा आहे असे स्वतःच नोंदवले. ‘पासून-पर्यंत’ सांगता येईना म्हणून त्याने ‘पेक्षा’ सांगितले. त्याच सुमारास येथे पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते आणि नाना फडणवीस कारभार पाहत होते. पेशवे दप्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, त्या काळातील जमाखर्चाचे मोडी कागद गठ्ठ्यांनी आहेत, आणि त्यांवरून त्या पट्ट्या काढायला कोणाला हरकत नव्हती. हे आपले उगाच सुचले म्हणून लिहिले.

खरी परीक्षा ‘पैकी’ या शब्दाची आहे, आणि याच शब्दाने मला पुन्हा एकदा अडचणीत आणले असते.

बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात वृत्तालेख आहे. घटकाचा आकडा भागिले एकूण, गुणिले ३६०, हा केंद्रीय कोन. मग कंपासपेटीतील कोनमापक लावून तो कोन काढायचा. हे हाताने करताना ‘एकूण’ म्हणजे काय हे लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. शीटमध्ये एकूण कोणी विचारत नाही. निवडलेल्या सर्व आकड्यांची बेरीज हेच एकूण, असे गृहीत धरले जाते. दोन वर्षांपूर्वी आम्ही सभासदांना कागदी चिठ्ठ्या दिल्या होत्या: गच्चीवर सौरऊर्जा, वाहनतळात विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंग आणि नवे सीसीटीव्ही यांपैकी जे जे हवे त्यावर खूण करा. सौरऊर्जेवर ३१ खुणा आल्या, चार्जिंगवर २२ आणि सीसीटीव्हीवर २०. मी वृत्तालेख काढला आणि टक्केवारी दाखवण्याची सोय सुरू केली. सौरऊर्जेच्या तुकड्यावर ४२ टक्के आले. निम्म्याहूनही कमी, म्हणजे ठराव मांडण्यात अर्थ नाही, असे मी सचिवांना जवळजवळ कळवलेच होते.

वाक्य लिहायला बसले म्हणून वाचले. ‘४८ सदनिकांपैकी’ एवढे लिहून झाले आणि पुढे ४२ टक्के लिहिताना हात थांबला. ४८ पैकी ३१ म्हणजे जवळजवळ ६५ टक्के होतात. मग ४२ आले कोठून? तिन्ही पर्यायांच्या खुणांची बेरीज ७३ होती आणि एक्सेलने त्या ७३ पैकी ३१ चे टक्के काढले होते. एका माणसाने तीन खुणा केल्या असतील तर तो त्या वृत्तात तीन वेळा मोजला गेला होता. खुणांपैकी आणि सदनिकांपैकी यांतला हा फरक. जेथे एकाला एकाहून अधिक उत्तरे देण्याची मुभा आहे, तेथे वृत्तालेख काढूच नये. ४८ पर्यंतचा अक्ष घेऊन तीन स्तंभ काढावेत. सौरऊर्जेचा ठराव त्या सभेत मांडला गेला आणि मंजूरही झाला, हे जाता जाता सांगते.

वृत्तालेखावर माझा दुसरा आक्षेप आहे तो डोळ्यांचा. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवले की एकाच मोजपट्टीवरील स्थाने माणूस सर्वांत अचूक ताडतो, आणि कोन ताडताना तो बराच चुकतो. आमच्या वार्षिक खर्चात सामायिक वीज ४.१ लाख आणि साफसफाई ३.६ लाख होती. नऊ तुकड्यांच्या वृत्तात हे दोन तुकडे समोरासमोर आले तेव्हा कोणता मोठा हे मलाही, आकडे पाठ असूनही, सांगता येईना. त्रिमितीय वृत्तालेख तर सरळ टाळावा, कारण पुढच्या बाजूच्या तुकड्याला जाडीची कड मिळते आणि तो आहे त्यापेक्षा मोठा भासतो. तरीही वृत्तालेख हद्दपार करावा असे मी म्हणणार नाही. ४८ पैकी ४१ सदनिकांचे देखभाल शुल्क जमा, ७ बाकी, एवढेच सांगायचे असेल तर दोन तुकड्यांचे वृत्त सूचनाफलकावर लांबूनही कळते. बाकी असलेल्यांना तर ते फारच चांगले कळते.

‘पैकी’चे सर्वांत फसवे उदाहरण प्रत्येक पुणेकर दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो. पुण्याला पाणी देणारी चार धरणे: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. जुलै उजाडला की त्यांची टक्केवारी रोज छापून येते आणि लोक ती क्रिकेटच्या धावसंख्येसारखी एकमेकांना सांगतात. मला ते आकडे शीटमध्ये उतरवण्याचा छंद आहे. पहिल्या वर्षी मी सरळ चार टक्केवाऱ्यांचे चार स्तंभ काढले. खडकवासल्याचा स्तंभ सर्वांत उंच आला, आणि त्यावरून कोणालाही वाटावे की शहराच्या पाण्याची चिंता मिटली.

आता क्षमता पाहा. खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१, एकूण २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. खडकवासला शंभर टक्के भरले तरी त्यात दोन टीएमसीही पाणी नसते आणि पानशेत निम्मे भरले तरी पाच टीएमसीहून जास्त असते. वरच्या धरणांचे पाणी खडकवासल्यातूनच पुढे येत असल्यामुळे ते लवकर भरते, तेथून मुठेत विसर्ग सुरू होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि लोक समजतात की धरणे भरली; वरसगाव त्या वेळी अर्धे रिकामेही असू शकते. चारही टक्केवाऱ्या खऱ्या असतात, पण प्रत्येक टक्केवारी वेगळ्या ‘पैकी’ची असते, आणि वेगवेगळ्या ‘पैकीं’ना शेजारी उभे करून त्यांच्यात ‘पेक्षा’ लावता येत नाही. त्यांची सरासरीही काढता येत नाही. समजा, खडकवासला १०० टक्के, पानशेत आणि वरसगाव प्रत्येकी ५० आणि टेमघर २० टक्के आहे. चौघांची साधी सरासरी ५५ येते, पण पाणी मोजले तर ते १४.४५ टीएमसी, म्हणजे २९.१५ च्या ५० टक्क्यांहून किंचित कमीच भरते.

म्हणून आता मी शीटमध्ये तीन कॉलम ठेवते: धरणाचे नाव, आजचा साठा आणि रिकामी जागा, यांतील शेवटचा आकडा क्षमतेतून साठा वजा करून येतो. त्यांवरून विभाजित स्तंभालेख, म्हणजे ‘स्टॅक्ड कॉलम’ काढते. साठ्याचा भाग गडद निळा ठेवते. रिकाम्या जागेच्या भागाचा रंग काढून टाकून त्याला फक्त करडी कड देते. प्रत्येक धरण मग एका पिंपासारखे दिसते: पिंप केवढे आहे तेही कळते आणि त्यात पाणी किती आहे तेही. हा आलेख पहिल्यांदा फलकावर लावला तेव्हा शेजारच्या काकू बराच वेळ पाहत राहिल्या. “हे एवढंसं खडकवासला? अहो, रविवारी कणीस खायला जातो तेव्हा नजर पोहोचत नाही इतकं पाणी दिसतं!” नजरेत भरते ते धरण पुण्याजवळचे आहे म्हणून, पानशेत-वरसगावचे पाणी बघायला रोज कोण जातो.

‘पासून-पर्यंत’च्या रेषेबद्दल लिहायचे तर निम्मा वेळ तारखांवरच जातो. आपल्याकडे तारीख १५.७.२०२४ अशी टिंबे देऊन लिहिण्याची पद्धत आहे. आपल्या संगणकावर एक्सेलला ती तारीख वाटत नाही, नुसता मजकूर वाटतो. सेलमध्ये ती डावीकडे चिकटून बसते ही त्याची खूण. मजकुराचा अक्ष झाला की प्रत्येक नोंद समान अंतरावर मांडली जाते, मग दोन नोंदींमध्ये एक दिवस गेला असो की दहा. ‘डेटा’मधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडून शेवटच्या पायरीवर दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडला की सगळा कॉलम एका फटक्यात खऱ्या तारखांचा होतो आणि अक्ष काळाप्रमाणे अंतर राखतो. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर त्याहून वाईट प्रकार घडतो: ७/८ ही ऑगस्टची तारीख जुलैत जाते, पण २५/८ जात नाही, कारण पंचविसावा महिनाच नसतो. अर्धा कॉलम चुकीचा आणि अर्धा मजकूर, अशी खिचडी होते.

आर्थिक वर्षांची गंमत वेगळीच आहे. सोसायटीचा ताळेबंद २००४-०५ पासूनचा एकत्र करायला घेतला आणि २००४-०५ असे लिहिताच सेलमध्ये मे-०४ उमटले. २०११-१२ चे डिसेंबर-११ झाले. २०१२-१३ मात्र जसेच्या तसे राहिले, कारण तेरावा महिना नाही. उपाय साधा आहे: लिहिण्याआधी कॉलमचे फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करावे किंवा आधी एक अवतरणचिन्ह द्यावे. नुसती २०१९, २०२० अशी वर्षे लिहिली तर ती आकडे ठरतात, आणि स्तंभांच्या शेजारी दोन हजारांच्या उंचीचे आणखी एक रांगडे कुंपण उभे राहते, ज्यापुढे खरे आकडे मुंगीएवढे दिसतात. अशा वेळी वर्षांच्या कॉलमचे वरचे शीर्षक रिकामे ठेवून मग आलेख काढावा. एक्सेल तो कॉलम अक्षासाठी आहे हे ओळखते.

एकदा माझ्या आलेखात १६ ऑगस्टला पानशेत धरण एका दिवसात रिकामे झाले आणि १७ तारखेला पुन्हा भरले. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र येत नाही, त्या दिवशीची नोंद नव्हती, आणि माझ्या सूत्राने तेथे रिकामे अवतरणचिन्ह टाकले होते. रिकामे दिसणारे पण सूत्र असलेले सेल रेषालेखात शून्य म्हणून मोजले जाते. त्याऐवजी सूत्रातून एनए, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, हे फल परत करावे. मग रेषा त्या दिवशी शून्यावर कोसळत नाही. हसण्यावारी नेण्यासारखी ही चूक, पण पुण्यात पानशेत फुटले तो १२ जुलै १९६१ पाहिलेली माणसे अजून आहेत, आणि पानशेतच्या नावापुढे शून्य दाखवणारा कागद सूचनाफलकावर लावणे मला बरे वाटले नसते. सुदैवाने तो आलेख घरातून बाहेर पडला नव्हता.

अनेक वर्षांचे साठे एकत्र दाखवायचे असतील तर मी ओळींत १ जून ते ३१ ऑक्टोबरच्या तारखा आणि प्रत्येक वर्षासाठी एक कॉलम ठेवते. दहा वर्षांच्या दहा रंगीत रेषा म्हणजे शेवयांचा गुंता. सगळ्या रेषा फिकट करड्या करून फक्त चालू वर्षाची रेषा जाड काळी केली की काय म्हणायचे आहे ते दिसते. रंगांवर विसंबू नये याचे आणखी एक कारण आमच्या कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान आहे: तेथून आलेल्या प्रतीत लाल आणि हिरवा सारखेच करडे होतात आणि बाजूची रंगसूची निरर्थक ठरते. वर्षाचे नाव सरळ रेषेच्या टोकाशी लिहावे.

‘जसजसे-तसतसे’साठी लागणारा ठिपक्यांचा आलेख, म्हणजे ‘स्कॅटर’, बहुतेक लोक उघडतच नाहीत, आणि त्याजागी रेषालेख वापरतात. आमच्या जमिनीखालच्या टाकीत नळाचे पाणी किती वेगाने येते हे वॉचमनने पट्टीने मोजले होते: सुरुवातीला ४० सेंटिमीटर, ५ मिनिटांनी ४५, १० मिनिटांनी ५०, ३० मिनिटांनी ७० आणि तासाभराने १००. रेषालेखात ही रेषा आधी सपाट आणि मग एकदम चढती आली, आणि कार्यकारिणीने निष्कर्ष काढला की पहिली दहा मिनिटे दाब कमी असतो. वस्तुतः पाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत मिनिटाला एक सेंटिमीटर याच गतीने येत होते. रेषालेखाने ०, ५, १०, ३० आणि ६० ही पाच नावे समजून समान अंतरावर मांडली होती. स्कॅटरमध्ये ते आकडे आकडे म्हणून मांडले गेले आणि पाचही ठिपके एका सरळ रेषेत आले.

ठिपक्यांमधून कलरेषा, म्हणजे एकूण कल दाखवणारी ‘ट्रेंडलाइन’, काढण्याची सोय आहे, पण ती काढण्याआधी ठिपके नीट पाहावेत. फ्रान्सिस ॲन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच दिले. चौघांची सरासरी, विचरण आणि कलरेषा जवळजवळ सारखी, पण चित्रे पाहिली तर एकात विखुरलेले बिंदू, एकात वळण, एकात एकच बिंदू सगळी रेषा ओढून नेतो. आमच्या टँकरांचा आलेख असाच एका मे महिन्याने ओढून नेला होता. त्या महिन्यात टाकी धुतली होती.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. डावीकडे एक अक्ष आणि उजवीकडे दुसरा, असा जोड आलेख मी टाळते, कारण दोन अक्षांची मापे हवी तशी बदलून कोणत्याही दोन गोष्टी एकत्र चालताना दाखवता येतात. २०१६ च्या आवृत्तीत आलेला ‘वॉटरफॉल’ मात्र खजिनदारासाठी उपयुक्त आहे: आरंभीची शिल्लक, त्यावर जमा, त्यातून खर्च आणि अखेरची शिल्लक एका दृष्टिक्षेपात दिसते, फक्त शेवटच्या स्तंभावर ‘सेट ॲज टोटल’ करायला विसरू नये, नाहीतर शिल्लक दुप्पट दिसते आणि सभासद लगेच शुल्क कमी करा म्हणतात. अक्षावर लाख हवे असतील तर ‘डिस्प्ले युनिट्स’च्या यादीत लाख हा शब्द सापडणार नाही, पण १००००० हा आकडा आहे, तो निवडावा आणि शेजारच्या पट्टीवर ‘लाख रुपये’ असे आपल्या हाताने लिहावे. कोटीसाठी त्याच यादीत १००००००० आहे.

मागच्या जुलैत धरणांचा आलेख फलकावर लावला. अक्ष शून्यापासून होता, पिंपे आपापल्या मापाची होती, खाली टीएमसी म्हणजे किती लिटर तेही लिहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने, सुवाच्य अक्षरात लिहिलेले आढळले: “दिनांक कोठे आहे?” अक्षर ओव्हरसियर काकांचे होते. आता शीर्षक हाताने लिहीत नाही. एका सेलमध्ये वाक्य आणि ताज्या नोंदीची तारीख जोडणारे सूत्र ठेवले आहे. आलेखाच्या शीर्षकावर टिचकी देऊन वरच्या सूत्रपट्टीत बरोबरचे चिन्ह लिहिले, त्या सेलवर टिचकी दिली आणि एंटर दाबले, की आकडे बदलताच शीर्षकातील तारीखही बदलते.